घरच्या मेल सर्व्हरचं नाव आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ईमेल पाठवणारा आणि घेणारा संगणक, घरी कसा चालवावा, यावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखाचं कात्रण मी ठेवलं आहे. लेख मेहनतीनं लिहिलेला आहे. जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवणं, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि आलेली मेल पेटीतून वाचायला देणारं डव्हकॉट ही सॉफ्टवेअर्स, डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, नोंदी, सगळं क्रमानं आलं आहे. पण संगणकाच्या नावाबद्दल, म्हणजे होस्टनेमबद्दल, त्यात जेमतेम एक ओळ आहे, आणि तिचा आशय असा की आवडेल ते नाव द्या आणि पुढच्या पायरीकडे वळा. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे. तिच्यावर विसंबून जो पुढे जाईल त्याची पत्रं अनेक ठिकाणी पोचणार नाहीत, आणि पोचली नाहीत हे त्याला काही दिवस कळणारही नाही. माझ्या बाबतीत हेच झालं.

मी ३३ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर जुन्या नियतकालिकांची सूची करायला घेतली. त्यासाठी अभ्यासक, संग्राहक, बंद पडलेल्या मासिकांच्या संपादकांचे वारस अशा कितीतरी जणांशी पत्रव्यवहार चालतो. कुठला अंक कुणाकडे आहे, कुठल्या वर्षीचे अंक निघालेच नाहीत, ही माहिती बऱ्याचदा त्या पत्रांतच असते. हा ठेवा दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा नाही, आपल्याकडे ठेवायचा, एवढ्यासाठी मी घरच्या सर्व्हरच्या मागे लागले. मुलानं त्याचा जुना संगणक दिला आणि डेबियन बसवूनही दिलं. बसवताना स्क्रीननं यंत्राचं नाव विचारलं तेव्हा त्यानं रोमन अक्षरांत 'आई-पीसी' असं भरलं. पुढच्या स्क्रीनवर डोमेनचं नाव विचारलं होतं, ती चौकट त्यानं रिकामी सोडली. त्या वेळी आम्हा दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

पहिलं महत्त्वाचं पत्र मी एका संग्राहकांना पाठवलं. मला हवे असलेले तीन अंक त्यांच्याकडे असण्याची शक्यता होती. पत्र गेलं, तक्रार आली नाही. ते शोधत असतील, असं समजून मी वाट पाहिली. सहाव्या दिवशी माझ्याच सर्व्हरनं ते पत्र मला परत केलं. सोबतच्या मजकुरात लिहिलं होतं की समोरच्या सर्व्हरनं ४५० हा क्रमांक देऊन माझी हेलो आज्ञा नाकारली, कारण त्या नावाचं यंत्र त्याला सापडलं नाही.

याचा अर्थ लावायला मला दोन दिवस लागले. एक मेल सर्व्हर दुसऱ्याकडे पत्र घेऊन जातो तेव्हा आधी एका ठरलेल्या शब्दानं स्वतःचं नाव सांगतो. पत्र कुणाचं आहे, कुणाला आहे, हे सगळं त्यानंतर. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीच्या, नियमांत या शब्दाचं रूप 'हेलो' होतं. १९९३ पासून विस्तारित रूप 'एहलो' वापरात आलं. शब्द कुठलाही असो, त्याच्यापुढे यंत्राचं पूर्ण नाव यायला हवं, म्हणजे शेवटच्या डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गपर्यंत सगळं. माझा सर्व्हर जगातल्या अनोळखी सर्व्हरांना आपलं नाव 'आई-पीसी डॉट लोकलडोमेन' असं सांगत होता. हे शेपूट आम्ही लावलं नव्हतं. संगणकाला पूर्ण नाव नसेल तर पोस्टफिक्स स्वतःच 'लोकलडोमेन' जोडून वेळ भागवतो. दिसायला नाव पूर्ण झालं, पण जगातल्या कुठल्याही नोंदवहीत ते नव्हतं.

आणि पाच दिवसांची शांतता? एसएमटीपीत ४ नं सुरू होणारं उत्तर म्हणजे आत्ता नाही, पुन्हा या. ५ नं सुरू होणारं म्हणजे नाही, येऊ नका. मला मिळालं ४५०, म्हणून माझा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा त्याच दारात जात राहिला. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस असा प्रयत्न करतो, आणि मधल्या काळात पाठवणाऱ्याला सूचना देण्याची सोय त्यात असली तरी ती मुळात बंद असते. ५ नं सुरू होणारा नकार मिळाला असता तर मला दोन मिनिटांत कळलं असतं. नव्यानं सर्व्हर लावणाऱ्यानं ती उशिराची सूचना पहिल्याच दिवशी चालू करावी, असं मी कळकळीनं सांगते. सेटिंगचं नाव डिले-वॉर्निंग-टाइम, आणि चार तासांची मुदत पुरेशी आहे.

यंत्राच्या नावाला एवढं महत्त्व का, हे मला माझ्या जुन्या व्यवसायातून चटकन पटलं. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची दोन बाजूंनी नोंद असते. तालिकेत नावावरून पुस्तक सापडतं. दाखल नोंदवहीत उलट जाता येतं. दाखल क्रमांक वाचा आणि त्या क्रमांकाचं पुस्तक कोणतं ते पाहा. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्या तरच पुस्तक आपलं. तालिकेत नाव आहे पण नोंदवहीत त्या क्रमांकावर दुसरंच काही लिहिलं आहे, असं पुस्तक हातात आलं की आम्ही ते बाजूला ठेवायचो. मेलच्या जगातही अशाच दोन नोंदी आहेत. नावावरून अंकी (आयपी) पत्ता सांगणारी ती ए नोंद. अंकी पत्त्यावरून नाव सांगणारी ती पीटीआर नोंद. पत्र स्वीकारणारा सर्व्हर आलेल्या जोडणीचा अंकी पत्ता पाहतो, त्यावरून पीटीआरमधलं नाव काढतो, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता काढून तोच येतो का ते तपासतो. सर्व्हरनं हेलोत सांगितलेलं नावही याच्याशी जुळलं तर शंकेला जागा उरत नाही.

२००८ सालच्या एसएमटीपीच्या नियमात, म्हणजे आरएफसी या इंटरनेटच्या क्रमांकित टिपणांपैकी ५३२१ मध्ये, असं म्हटलं आहे की हेलोतलं नाव पत्त्याशी जुळतं का ते सर्व्हरनं हवं तर पाहावं, पण जुळलं नाही एवढ्याच कारणानं पत्र नाकारू नये. त्याच नियमात हेही आहे की घरगुती टोपणनाव किंवा अर्धवट नाव वापरू नये. प्रत्यक्षात अनेक सर्व्हर पहिल्या वाक्यापेक्षा कडक वागतात. मी त्यांना दोष देत नाही. नको असलेल्या मेलचा पूर पाठवणारी बाधित यंत्रं बहुतेकदा असंच काहीबाही नाव सांगतात. माझं प्रामाणिक पत्र 'आई-पीसी डॉट लोकलडोमेन' हे नाव सांगत गेलं, तर त्या गर्दीतून ते वेगळं कसं ओळखायचं? जीमेलनं फेब्रुवारी २०२४ पासून सर्वच पाठवणाऱ्यांसाठी सुलट आणि उलट, म्हणजे ए आणि पीटीआर, दोन्ही नोंदी असण्याची अट घातली आहे. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी आणखी अटी आहेत, पण ही अट दिवसाला एक पत्र पाठवणाऱ्यालाही लागू आहे.

माझ्या पुढच्या चुकीबद्दल सांगते, कारण ती चूक शहाणपण समजून केली जाते. पूर्ण नाव हवं हे कळल्यावर मी यंत्राला थेट माझ्या डोमेनचंच नाव दिलं. माझं खरं डोमेन इथं लिहीत नाही. १९९९ साली खास उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं एक्झाम्पल डॉट कॉम वापरते. यंत्राचं नाव एक्झाम्पल डॉट कॉम आणि पत्रांचे पत्तेही एक्झाम्पल डॉट कॉमवरचे. आता पोस्टफिक्सच्या दृष्टीनं दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या झाल्या. ज्याचं नाव यंत्राचं नाव तेच, ते डोमेन स्थानिक. त्याची पत्रं या संगणकावर लॉगिन असलेल्यांची. आणि मी टपालपेट्यांच्या वेगळ्या यादीतही तेच डोमेन लिहिलं होतं. पोस्टफिक्सनं लॉगमध्ये, म्हणजे कामाची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, इशारा दिला होता की एकच डोमेन दोन्ही याद्यांत ठेवू नका. मी लॉग वाचत नव्हते. परिणाम असा की सूचीच्या कामातल्या माझ्या सहकारी बाईंसाठी उघडलेल्या पत्त्यावर येणारी पत्रं, असा कुणी इथं नाही, म्हणून परत जाऊ लागली, कारण संगणकावर त्यांचं लॉगिन नव्हतं. माझं लॉगिन होतं, त्यामुळे माझी पत्रं परत गेली नाहीत, पण ती भलत्याच पेटीत साठत राहिली. चार दिवसांची पत्रं मी नंतर तिथून काढली.

यंत्राचं नाव डोमेनच्या आत, डोमेनपेक्षा वेगळं असावं. मी शेवटी 'दप्तर' हा शब्द घेतला. रोमन अक्षरांत दप्तर डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. शब्द निवडतानाही थोडा विचार हवा. डॉन लिबिस यांनी १९९० साली संगणकाला नाव कसं द्यावं यावर आरएफसी ११७८ हे छोटंसं टिपण लिहिलं. त्यातला सल्ला आजही उपयोगी आहे: स्वतःचं नाव देऊ नका, लांबलचक नाव नको, चमत्कारिक स्पेलिंग नको, त्या यंत्रावरच्या एखाद्या प्रकल्पाचं नाव नको. स्वतःचं नाव का नको, याला आज आणखी एक कारण आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या मथळ्यात, रिसीव्ह्ड या ओळीत, सर्व्हरनं सांगितलेलं नाव कोरलं जातं. कितीतरी जण संगणकाला मुलीचं नाव देतात, आडनाव देतात. ते नाव प्रत्येक अनोळखी माणसाच्या हाती पडतं.

अक्षरांबद्दल थोडक्यात: रोमन अक्षरं, अंक आणि आडवी छोटी रेघ, एवढंच चालतं. अंडरस्कोर चालत नाही, आणि रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. दोन टिंबांमधला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. लहान-मोठी अक्षरं सारखीच धरली जातात. देवनागरी नाव देण्याची माझी फार इच्छा होती. देवनागरी डोमेन मिळतं, पण पडद्याआड त्याचं रूपांतर रोमन अक्षरांच्या साखळीत होतं, आणि ती साखळी एक्स, एन आणि दोन रेघांनी सुरू होते. लॉगमध्ये, सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रात सगळीकडे तीच दिसत राहणार. वाचायला सोपं नाव हवं म्हणून देवनागरी, आणि प्रत्यक्षात वाचता न येणारी साखळी हाती, हे मला पटलं नाही. मराठी शब्द, रोमन अक्षरं, यावर मी थांबले.

डॉट लोकल किंवा डॉट लॅन अशी शेपटं राउटरच्या कृपेनं आपोआप लागतात, त्यांच्यापासूनही सावध राहावं. डॉट लोकल हे २०१३ पासून एकाच नेटवर्कमधल्या यंत्रांनी एकमेकांना शोधण्यासाठी राखून ठेवलं आहे. घरच्या आतल्या वापरासाठी होम डॉट आर्पा २०१८ साली आणि डॉट इंटर्नल २०२४ साली राखलं गेलं. प्रिंटरला ही नावं द्यावीत. बाहेर पत्र नेणाऱ्या सर्व्हरला नाही.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं आहे. होस्टनेमसीटीएल या आज्ञेनं नाव बदलायचं. मग ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स ही फाइल उघडायची. डेबियनमध्ये तिच्यात १२७.०.१.१ नं सुरू होणारी एक ओळ असते. त्या ओळीत आधी पूर्ण नाव आणि मग छोटं नाव, याच क्रमानं लिहायचं. अंकी पत्त्यानंतरचं पहिलं नाव हेच मुख्य मानलं जातं. माझ्याकडून हा क्रम उलटा झाला होता आणि संध्याकाळभर मी चूक भलतीकडे शोधत होते. नंतर टर्मिनलमध्ये होस्टनेम हा शब्द, पुढे रेघ आणि एफ हे अक्षर दिलं की पूर्ण नाव छापून यायला हवं. न आल्यास पुढे जाऊच नये. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये मायहोस्टनेम ही ओळ हातानं लिहून टाकावी, अंदाजावर सोडू नये. डोमेनच्या नोंदींत या पूर्ण नावाची ए नोंद, आणि एमएक्स, म्हणजे डोमेनची मेल कुणाकडे द्यायची ते सांगणारी, नोंद याच नावाकडे बोट दाखवणारी. ते नाव स्वतः सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाचं उपनाव, असता कामा नये. १९९७ सालच्या आरएफसी २१८१ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही याच नावावर काढायचं.

उरली पीटीआर. संपादक महोदय, माझी खरी तक्रार इथं आहे आणि ती आपल्या वाचकांपर्यंत पोचावी असं मला वाटतं.

ही नोंद डोमेन विकत घेतलेल्या ठिकाणी करता येत नाही. अंकी पत्ता ज्याच्या मालकीचा, उलट नोंद त्याच्या ताब्यात. पत्ता २०३.०.११३.२५ असेल तर नोंद २५.११३.०.२०३ अशी उलटी मांडून, पुढे इन-अॅडर डॉट आर्पा लावून होते, आणि तो विभाग इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीकडे असतो. मी जादा आकार भरून स्थिर पत्ता घेतला, २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे मेल सर्व्हरांचं आपसातलं दार, उघडून घेतलं, आणि पीटीआरसाठी फोन केला. पहिल्यांदा सांगितलं गेलं की डोमेन विकणाऱ्याकडे जा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी वरची दोन वाक्यं कागदावर लिहून वाचून दाखवली, तेव्हा बोलणाऱ्या मुलानं प्रांजळपणे सांगितलं की हा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला. त्यानं माझी विनंती लेखी घेतली आणि नेटवर्क विभागाकडे पाठवली. तिथल्या कुणीतरी ते काम केलं, आणि मला खात्री आहे की त्याला पाच मिनिटंही लागली नसतील. पण त्या पाच मिनिटांपर्यंत पोचायला मला २३ दिवस लागले. तोवर माझ्या पत्त्याची उलट नोंद अंक आणि रेघांचं एक आपोआप तयार झालेलं नाव दाखवत होती, त्यात डायनॅमिक असा शब्दही होता. पत्ता स्थिर, पैसे स्थिर पत्त्याचे, आणि नाव सांगतंय की पत्ता बदलता आहे! तेवढ्या एका शब्दावरून काही सर्व्हर पत्र दारातूनच परत पाठवत होते.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. जी कुणी कंपनी स्थिर पत्ता विकते तिनं त्यासोबत उलट नोंदीचा अर्ज ग्राहकाच्या हाती द्यावा. वेबसाइटवरच्या खात्यात एक चौकट पुरेल. घरी मेल सर्व्हर चालवणारे थोडे आहेत म्हणून ती सोय नाही, असं मला सांगण्यात आलं. मी ज्या ग्रंथालयात होते तिथं काही ग्रंथ दहा वर्षांत एकदाच मागितले जात. त्यांची नोंदही आम्ही बाकीच्यांइतकीच काळजीनं करायचो.

एक इतिहास मला या सगळ्यात फार जवळचा वाटला. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या डीएनएसची, म्हणजे नावावरून अंकी पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेची, रचना मांडली, त्याआधी जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावं होस्ट्स नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवून नाव नोंदवून घ्यायचं, आणि एकच नाव दोघांना मिळणार नाही हे त्या पाहायच्या. हे काम मला ओळखीचं आहे. आज ईटीसीमधली होस्ट्स फाइल मी उघडते तेव्हा तिचं नाव त्या जुन्या फाइलवरून आलेलं आहे, हे माझ्या मनात असतं.

आपल्याला दोन विनंत्या. त्या लेखाचा पुढचा भाग छापणार असाल तर होस्टनेमचा विषय सुरुवातीला घ्यावा, सॉफ्टवेअर बसवण्याच्याही आधी. कारण नाव नंतर बदललं की प्रमाणपत्र, पीटीआर, एमएक्स, पोस्टफिक्स, सगळीकडे पुन्हा हात घालावा लागतो. आणि वाचकांना पहिलं पत्र पाठवण्याआधी तीन गोष्टी ताडून पाहायला सांगावं: सर्व्हर स्वतःचं सांगतो ते नाव, त्या नावाचा अंकी पत्ता, आणि त्या पत्त्याचं उलट नाव. आयपीव्ही ६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब अंकी पत्ता, चालू असेल तर त्या पत्त्यासाठीही हेच वेगळं पाहावं. माझ्याकडे तो आपोआप चालू झाला होता, त्याची उलट नोंद नव्हती, आणि काही पत्रं मला न कळत त्या वाटेनं जात होती.

संग्राहकांना मी ते पत्र पुन्हा पाठवलं. ते पोचलं, आणि तीनपैकी दोन अंक त्यांच्याकडे निघाले. माझ्या सर्व्हरवर प्रत्येक पत्राची एक फाइल होते आणि फाइलच्या नावात वेळ, काही अंक आणि यंत्राचं नाव असतं. सुरुवातीच्या ४१ पत्रांच्या फाइलींवर अजून 'आई-पीसी' आहे. ती नावं बदलली तर डव्हकॉट त्यांना नवी पत्रं समजेल, म्हणून मी त्यांना हात लावलेला नाही. दाखल क्रमांक एकदा पडला की आम्ही तो बदलत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल